सी भाषेतील संकलकभेद

सी भाषेतील संकलकभेद म्हणजे एकाच सी आज्ञावलीचा निरनिराळ्या संकलकांनी, म्हणजेच कंपायलरांनी, लावलेला भिन्न अर्थ. भाषेच्या प्रमाणाने काही बाबींचा निर्णय संकलकावर सोपवल्यामुळे हे भेद उद्भवतात. असे भेद असूनही सर्वत्र समान उत्तर देणाऱ्या आज्ञावलीस सुवाह्य आज्ञावली म्हणतात.

पार्श्वभूमी

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या आरंभी सी भाषा घडवली. तिचे अमेरिकी प्रमाण १९८९ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९० मध्ये निश्चित झाले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणात बोर्लंड कंपनीचा टर्बो सी हा संकलक दीर्घकाळ प्रचलित होता. त्यावर लिहिलेली आज्ञावली लिनक्सवरील जीसीसी संकलकाकडे नेताना हे भेद ठळकपणे जाणवतात.

पूर्णांकांचा आकार

टर्बो सीमध्ये 'इंट' हा प्रकार १६ बिटांचा असून त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. जीसीसीमध्ये तो सामान्यतः ३२ बिटांचा असतो. कराडचा पिनकोड ४१५११० हा १६ बिटांच्या 'इंट'मध्ये साठवल्यास वरचे बिट गळून २१८९४ ही संख्या उरते. आज्ञावली बंद पडत नाही; चुकीचे उत्तर मात्र खरे भासते.

देवनागरी मजकूर

'कॅर' हा प्रकार चिन्हयुक्त की चिन्हरहित, हेही संकलक ठरवतो. यूटीएफ-८ पद्धतीत 'कराड' हा शब्द १२ बाइट व्यापतो. प्रत्येक देवनागरी वर्णचिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो. इंटेल प्रक्रियकावरील जीसीसी तो −३२ असा वाचतो, तर एआरएम प्रक्रियकावरील लिनक्समध्ये तो २२४ राहतो. परिणामी 'बाइट १२७ पेक्षा मोठा आहे का' ही तपासणी एका संगणकावर देवनागरी ओळखते, दुसऱ्यावर ओळखत नाही.

उपाय

* १९९९च्या प्रमाणातील 'स्टडइंट' शीर्षसंचिकेतील निश्चित आकाराचे पूर्णांक वापरावेत. जुन्या संकलकांत 'लाँग' वापरावा. तो किमान ३२ बिटांचा असतोच.
* मजकुराचे बाइट तपासताना 'अनसाइन्ड कॅर' वापरावा.
* टर्बो सीमधील 'कोनिओ'सारख्या प्रमाणबाह्य शीर्षसंचिका टाळाव्यात.
* प्रत्येक संकलक आपली ओळख सांगणारे मॅक्रो आधीच परिभाषित करतो. त्यांवर आधारलेल्या सशर्त सूचना एकाच शीर्षसंचिकेत ठेवाव्यात.
* किमान दोन संकलकांवर, सर्व इशारे चालू ठेवून, संकलन करावे.