चौदाचा आकडा बदलताना

शेअरच्या चार्टवर आरएसआय (रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स) लावला की सॉफ्टवेअर आपणहून 14 हा कालावधीचा आकडा भरून देतं. सेटिंगमध्ये जाऊन तो 9 किंवा 21 करता येतो, रेषाही लगेच बदलते. मात्र हा आकडा बदलताना आपण नेमकं काय बदलतो, हे फार थोडे लोक पाहतात.

जे. वेल्स वायल्डर या अमेरिकी मेकॅनिकल इंजिनिअरने 1978 मध्ये आपल्या पुस्तकातून हा इंडिकेटर मांडला. अलीकडची सरासरी वाढ आणि सरासरी घट यांचं गुणोत्तर 0 ते 100 च्या पट्टीवर बसवायचं, इतकाच त्याचा गाभा. 50 म्हणजे दोन्ही सारख्या. 70 म्हणजे वाढ घटीच्या 2.33 पट, तर 80 म्हणजे चौपट. म्हणून ‘ओव्हरबॉट’ची, म्हणजे भाव प्रमाणाबाहेर चढल्याचं सुचवणारी रेघ 70 वरून 80 वर नेणं वाटतं तितकं किरकोळ नाही.

खरी गंमत सरासरीत आहे. वायल्डर यांच्या पद्धतीत कालच्या सरासरीची 13 पट घ्यायची, आजचा बदल मिळवायचा आणि 14 ने भागायचं. म्हणजे जुनं काहीच पूर्ण पुसलं जात नाही, फक्त फिकट होत जातं. 14 कँडल उलटल्या तरी त्याआधीच्या काळाचा सुमारे 35 टक्के भार उरतोच! साधी सरासरी वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो शून्य होतो. त्यामुळे शेअर तोच आणि 14 हा आकडाही तोच असूनही दोन पडद्यांवर वेगळे आकडे दिसू शकतात.

पाच मिनिटांच्या कँडलवर काम करणाऱ्यांनी तर हे जरूर तपासावं. आपला बाजार सव्वानऊला उघडतो. पावणेदहापर्यंत सहा कँडल पूर्ण होतात, आणि तेव्हा दिसणाऱ्या आरएसआयमध्ये 64 टक्के भार आधीच्या सत्राचा असतो. सेटिंग 9 केलं तर तो 49 टक्क्यांवर येतो, 21 केलं तर 75 वर जातो. छोटा आकडा ताज्या घडामोडी लवकर पकडतो, पण किरकोळ हालचालींनाही दाद देतो आणि खोटे इशारे वाढतात. मोठा आकडा शांत, पण उशिरा बोलणारा. उशीर आणि गोंगाट दोन्ही एकदम कमी करणारा आकडा मला तरी माहीत नाही.

बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर नियम तपासताना, धोका वेगळा असतो. 5 ते 30 हे कालावधी आणि 65 ते 85 या मर्यादा एकेक करून तपासल्या तर 546 जोड्या होतात. भाव निव्वळ यादृच्छिक असले तरी इतक्या जोड्यांत एखादी भरघोस नफा दाखवण्याची शक्यता मोठी. ती जोडी गेल्या वर्षाच्या आकड्यांवर चपखल बसते, पुढच्या वर्षाबद्दल काहीच सांगत नाही.

तेव्हा आकडा जरूर बदला, पण आधी आपल्याला किती वेळाची चाल पाहायची आहे ते ठरवा. निवडीसाठी वापरलेल्या काळाच्या बाहेरच्या भावांवर, दलाली आणि कर वजा करून तो तपासा. तिथे तो टिकला नाही, तर त्यावर पैसे लावू नका.