मुक्तिमंडपातील निर्णयपत्र : सभा आणि स्वाक्षरी
काशीच्या राजा घाटाशी अमृतराव पेशव्यांचे नाव निगडित आहे. तथापि तेथील मराठी विद्वत्समाजाच्या सामूहिक निर्णयव्यवहाराचा लिखित पुरावा त्याहून जुना आहे. १६५७ मध्ये विश्वेश्वर मंदिराच्या मुक्तिमंडपात पंडितसभेने कोकणातील देवरुखे ब्राह्मणांच्या पंक्तिव्यवहाराविषयी निर्णयपत्र दिले. इंग्लंडमधील ग्रामपरिषदांना १८९४ च्या कायद्याने अधिकार दिला. काशीच्या सभेमागे असा कायदा नव्हता. पंडितघराण्यांची प्रतिष्ठा आणि पत्राखालील स्वाक्षऱ्या हेच तिचे बळ. म्हणून या पत्रातील नामावली ही केवळ पुरवणी नसून युक्तिवादाचाच भाग ठरते. निर्णय देवरुख्यांच्या बाजूने लागला, तरी वाद शमला नाही. संमती काशीत लिहिली गेली; तिची अंमलबजावणी मात्र दूर कोकणातल्या पंक्तीवर अवलंबून राहिली.