पवनीत चढ लागला की थांबा

वैनगंगेच्या काठची जमीन सपाट. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीकडे निघा, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्याच बांध्या. पवनीत शिरलात की मात्र पायांना काहीतरी वेगळं जाणवू लागतं. इथे चढ लागतो, मधेच टेकडी उभी राहते. या सपाटीवर टेकड्या आल्या कुठून? माणसांनी रचल्या, दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी! म्हणूनच पवनी पायी बघायची. गाडीत बसलेल्याला यातलं काहीच कळत नाही.

सुरुवात जवाहर गेटपासून करा. त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलाय तो परकोट. त्यावर नंतरच्या काळातलं दगडी बांधकाम दिसतं, पण खालचा मूळ कणा मातीचा आहे. हा तट गावाला तीनच बाजूंनी वेढतो. चौथी बाजू कुठे गेली? पूर्वेला जा, समोर वैनगंगा! नदी पहाऱ्याला असताना तिथे तट कशाला घालायचा?

तटाबाहेर खंदक आहे. शेतकरी विहीर खोदतो तेव्हा काठावर मातीचा ढीग आपोआप साठतो ना, तेच तत्त्व इथे अख्ख्या नगरासाठी वापरलं. खंदक खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला रचत जायची. खड्डा जितका खोल, तितका तट उंच. चाल करून येणाऱ्याला आधी खाली उतरावं लागणार आणि मग दुप्पट चढावं लागणार. मेहनत एकदा, संरक्षण दोनदा! उज्जैनलाही क्षिप्रेच्या काठी असाच मातीचा तट आणि खंदक सापडला आहे. म्हणजे त्या काळच्या मोठ्या नगरांना जी विद्या अवगत होती, ती पवनीकरांनाही होती.

आता बालसमुद्र तलावाकडे वळा आणि जगन्नाथ टेकडी चढा. वर देऊळ, म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या इथे येत राहिले. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली एकेक थर उलगडत गेला, आणि टेकडीच्या पोटातून निघाला बौद्ध स्तूप! चांडकापूरच्या सुलेमान टेकडीखालीही दुसरा. दोन्हींचा व्यास 40 मीटरच्या घरात. सांचीचा प्रसिद्ध मोठा स्तूप साधारण 36 मीटरचा आहे, हे लक्षात घेतलं की अंगावर काटा येतो. सांची सगळ्या जगाला ठाऊक आणि पवनी शेजारच्या जिल्ह्यालाही धड ठाऊक नसावी, हे मला पटत नाही.

स्तूप एकाच वेळी पुरा झाला नाही. आधी गाभा, पुढच्या पिढ्यांनी त्यावर चढवलेली भर, आणि मग भोवती दगडी कठडा. या कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत. राजाच्या विजयाची वर्णनं असतील असं वाटतं ना? छे! ही दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यातल्या एका बाईचं नाव विसमिता. आपल्या दानातून सगळ्या प्राणिमात्रांना सुख मिळो, एवढीच तिची इच्छा. ती कोण होती, काय करायची, ते दगड सांगत नाही. पण तिचं नाव आपण आज उच्चारू शकतो, आणि तिच्या काळच्या कितीतरी धनिकांचं नाही.

दुसऱ्या एका खांबावर मुचलिंद नाग आहे. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात असताना सात दिवस पाऊस कोसळला आणि नागानं फणा धरला, ही ती कथा. शिल्पात फणा आहे, आसनही आहे. बुद्ध मात्र नाही! त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. रिकामं आसन पाहूनच बघणाऱ्यानं ओळखायचं. धो धो पावसाच्या या धानपट्ट्यात ती कथा लोकांना किती जवळची वाटली असेल!

पवनीत महाक्षत्रपकुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ सापडला, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपटही सापडला. सत्ता येत गेल्या, गाव तिथेच राहिलं.

शेवटी उतरा वैजेश्वर घाटावर. समोरचं पाणी मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून निघालेलं, आणि आता वरच्या अंगाच्या गोसीखुर्द धरणाच्या 33 दरवाजांतून वाट काढत आलेलं. पुढे वर्धेला मिळून त्याचं नाव प्राणहिता होतं आणि मग ते गोदावरीत जातं.

एक विनंती. परकोटावर किंवा टेकडीवर जुनी वीट, खापराचा तुकडा दिसला तर हवा तेवढा वेळ वाकून बघा, पण उचलू नका. तो कुठल्या थरात पडला आहे, यावरूनच त्याचं वय कळतं. घरी नेलात की ते कायमचं पुसलं जातं.