साखरेचे प्रमाण आणि मधुमेह : शालेय आरोग्यशिक्षणातील एक आवश्यक पाठ

सोलापूर जिल्हा हा उसाचा जिल्हा होय. माळीनगर येथे गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात साखर कारखाना उभा राहिला. पुढे १९८० च्या सुमारास उजनी धरणाचे काम पूर्ण झाले आणि कालव्याच्या पाण्याबरोबर उसाचे क्षेत्र वाढत गेले. शाळेतील कित्येक मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च उसाच्या बिलातूनच भागतो. साखरेविषयी वर्गात बोलताना शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. साखर ही शत्रू नव्हे. प्रमाण सुटले म्हणजे मात्र ती अपाय करते. हे प्रमाण मुलांना मोजता यावे, हाच ह्या पाठाचा उद्देश असावा.

रोग कसा जडतो?

अन्न पचले म्हणजे त्यातील पिष्ट व साखर यांपासून ग्लुकोज तयार होऊन रक्तात उतरते. ते पेशींत शिरण्यास इन्सुलिन नावाचा स्राव लागतो व तो स्वादुपिंडात निर्माण होतो. नेहमीच्या साखरेत निम्मे ग्लुकोज व निम्मे फ्रुक्टोज असते. फ्रुक्टोजचा निकाल मुख्यतः यकृतात लागतो. गरजेहून अधिक साखर नित्य पोटात गेल्यास तिची चरबी बनून ती यकृतात व पोटाभोवती साठते. मग पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देईनाशा होतात. अतिपाण्याने चिबडलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, वरच साचून राहते, तसेच येथे घडते. स्वादुपिंड जादा इन्सुलिन स्रवून काही वर्षे तोल सांभाळते. ते थकले म्हणजे रक्तातील साखर कायमची वाढते. हाच दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होय. आनुवंशिकता, वाढलेले वजन व श्रमाचा अभाव हीही त्याची कारणे आहेत. एकट्या साखरेवर सारा दोष लादणे शास्त्रीय नव्हे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हा रोग लठ्ठ व श्रीमंत माणसांचाच, ही समजूतही खरी नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो भरले; परंतु किरकोळ दिसणाऱ्या ह्या बालकांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी अधिक आढळली. यास्तव सडपातळ मुलालाही प्रमाणाचा नियम लागू आहे.

एक महत्त्वाचा भेद

लहान मुलांत आढळणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह बहुधा वेगळा असतो. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. तो गोड खाल्ल्याने होत नाही. म्हणून अशा मुलास वा त्याच्या आईस कोणी बोल लावू नये. एखादे मूल वारंवार पाणी मागते, लघवीस जाते, झपाट्याने वाळते, अथवा सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागते, असे दिसल्यास पालकांना बोलावून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करवावी. येथे थोड्या दिवसांचा विलंबही जिवावर बेततो.

प्रमाण किती?

अन्नात घातलेली साखर, गूळ, मध व फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी, शक्य तर पाच टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. हे गणित वर्गात सोडवून घ्यावे. मुलाची दैनिक गरज १५०० कॅलरी धरली, तर पाच टक्के म्हणजे ७५ कॅलरी. एक ग्रॅम साखरेत चार कॅलरी असल्याने ही साखर सुमारे १९ ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमच्यांहूनही कमी होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या मे २०२५ च्या परिपत्रकानुसार चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या आहारात साखरेचा वाटा तेरा टक्के आहे. त्याच हिशेबाने हे बारा चमचे होतात.

शाळेत करावयाच्या गोष्टी

१. मुलांनी बिस्किटे व शीतपेये यांची रिकामी वेष्टने आणावीत. शंभर ग्रॅममध्ये २४ ग्रॅम साखर असल्यास ५० ग्रॅमच्या पुड्यात किती चमचे, हे फळ्यावर काढावे. (उत्तर : तीन.)

२. त्या हिशेबाचा 'साखर फलक' वर्गात लावावा. उक्त परिपत्रकाने आपल्या शाळांना असेच फलक लावण्यास सांगितले आहे.

३. गूळ निर्धोक आहे, हा गैरसमज दूर करावा. उसाच्या रसाचा पेलाही साखरेच्या हिशेबात धरावा.

४. चहाची साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करण्याचा संकल्प घरोघर पोहोचवावा.

५. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी व मूठभर शेंगदाणे हा येथील नित्याचा आहार सोडू नये, हे पालकसभेत सांगावे. रोज तासभर मैदानी खेळ व्हावेत.

१४ नोव्हेंबर हा बालदिन. इन्सुलिनच्या १९२१ मधील शोधाशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिन असल्याने जागतिक मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी चॉकलेटांऐवजी शेंगा किंवा फळे वाटावीत आणि मुलांनी केलेले तक्ते पालकांसमोर मांडावेत.