आई-बाबांचं घर म्हणजे तुमचं गोडाऊन नाही

भाडं वाचतं म्हणून घरूनच धंदा सुरू केलात, चांगलं केलंत. पण चार वर्षांनीही कोपरखैरण्याच्या वन बीएचकेत बेडरूमभर खोके आणि बाबा हॉलमध्ये झोपतायत, तर थांबा.

घर आई-वडिलांनी स्वकमाईने घेतलेलं असेल, तर सज्ञान मुलाने तिथे राहणं हा हक्क नाही, त्यांची मर्जी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली साठीच्या पुढचे पालक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. मुंबईत एक कमावता मुलगा ऐंशीच्या वडिलांना त्यांच्याच खोल्यांत राहू देत नव्हता. खोल्या सोड आणि दरमहा ३,००० रुपये दे, असा न्यायाधिकरणाचा आदेश होता. हायकोर्टात तो रद्द झाला, पण सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा लागू केला.

गोष्ट तिथपर्यंत जाऊच देऊ नका.

१. हिशेबात भाडं लिहा. तेवढी जागा बाहेर कितीला पडते, ते विचारून या. ते वजा करून नफा उरत नसेल, तर तुमचा धंदा आई-बाबा चालवतायत.

२. तेवढे पैसे दरमहा वेगळ्या खात्यात टाका. उद्या तेच डिपॉझिट.

३. तारीख ठरवा, घरी सांगा. आधी माल हलवा, मग स्वतः.

आणि काका-काकू, तुम्ही वाचत असाल तर भांडणात "नीघ" म्हणू नका. शांतपणे तारीख द्या. मग मात्र ती पुढे ढकलू नका.