जबडा मोडला तर? खेळाडूंनी आणि घरच्यांनी काय करावे

कबड्डीत पकड करताना समोरच्याचे डोके हनुवटीवर बसते, क्रिकेटचा चेंडू उसळून तोंडावर लागतो. धरणगावसारख्या गावातल्या वस्तीत पोरे तोंड धुऊन पुन्हा मैदानात उतरतात. २००२ साली अँटिग्वाच्या कसोटीत अनिल कुंबळे यांनी मोडलेला जबडा पट्टीने बांधून १४ षटके टाकली आणि लाराला बाद केले, हे सर्वांना आठवते. पण त्यानंतर ते शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतले, हेही आम्हाला सांगायचे आहे.

ओळखावे कसे? दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, तोंड पुरते उघडत नाही, खालचा ओठ बधिर होतो, जिभेखाली रक्त साकळते. असे काही दिसले की जखमीला पुढे वाकवून बसवा, रक्त थुंकू द्या, गालावर गार पाण्याची घडी ठेवा. पडलेला दात दुधात घालून सोबत न्या. जबडा ओढून बसवू देऊ नका. शुद्ध हरपली, उलट्या झाल्या किंवा श्वास अडला तर १०८ ला फोन करा.

हाड सरकले नसेल तर पातळ आहार आणि विश्रांती पुरते. सरकले असेल तर वरचे-खालचे दात तारेने काही आठवडे बांधतात, किंवा शस्त्रक्रिया करून टायटॅनियमची पट्टी बसवतात. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

हाड जुळायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर वरणाचे पाणी, ज्वारीची आंबील, दूध, गाळलेले सूप थोडे थोडे, पण दिवसातून सहा-सात वेळा द्या. दात बांधलेले असतील तर तार कापायची कात्री उशाशी असू द्या. उलटी झाल्यास ती जीव वाचवते. तंबाखूने जखम चिघळते. दारूने उलटीचा धोका वाढतो. पाचवे शील इथे औषधासारखे पाळावे.

हलके चालणे डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करता येते. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंगसाठी मात्र २ ते ३ महिने थांबावे. पुढे मैदानात उतरताना दातांवर माउथगार्ड घालावे. मंडळांनी जयंतीच्या सामन्यांच्या वर्गणीतून काही रक्कम त्यासाठी राखून ठेवावी, ही आमची विनंती.

जय भीम!