किनाऱ्यावरील परसातील मिरची

श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे गाव राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर, आगरदांड्यासमोर वसलेले आहे. अशा किनारी गावांत मासळीच्या कालवणाकरिता मिरची रोज लागते. परसात चार-दोन रोपे लावण्याचा प्रयत्नही घरोघरी होतो. परंतु पुष्कळ ठिकाणी ही रोपे श्रावणापूर्वीच माना टाकतात, आणि जी तगतात ती वैशाखात करपतात. याचा दोष सामान्यतः बियाण्यास किंवा किडीस दिला जातो. वस्तुतः किनाऱ्यावर मिरचीची पहिली हानी पाण्यामुळे होते. पावसाळ्यात ते मुळांशी साचते, आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होते.

मिरची हे मूळचे अमेरिका खंडातील झाड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारतात आणले. तत्पूर्वी येथील तिखटपणा मिरीवर भागत असे. या झाडाची बहुतेक मुळे वरच्या एक फूट मातीत पसरतात व त्यांस हवा लागते. रायगडच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. सपाट जागेत लावलेले रोप एवढ्या पावसात गुदमरते.

यास्तव परसातील मुख्य लागवड पाऊस ओसरल्यावर करणे हितावह होय. सप्टेंबरमध्ये बी टाकून ऑक्टोबरच्या अखेरीस रोपे लावली असता हिरवी मिरची जानेवारीपासून मिळू लागते. बी पेरण्याकरिता १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा लहानसा गादीवाफा पुरेसा आहे. तोही नसल्यास तळाला भोके पाडलेला जुना डबा चालतो. बी अर्ध्या बोटापेक्षा खोल पेरू नये. आठ-दहा दिवसांत उगवण होते आणि पाच-सहा आठवड्यांत रोपे लावण्याजोगी होतात. वाफ्यास झारीने बेताचे पाणी द्यावे. सतत ओल राहिल्यास रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर असावे. पाच-सहा माणसांच्या घरास दहा-बारा झाडे पुरतात. अधिक लावून त्यांची हयगय करण्यात अर्थ नाही.

जातींपैकी ‘पुसा ज्वाला’ लांब, बारीक व सुरकुतलेल्या मिरचीची आहे, तर ‘फुले ज्योती’ला मिरच्या झुबक्यांनी लागतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ ही जात कोकणाकरिताच आहे. घरच्या झाडाचे बी धरावयाचे असल्यास निरोगी झाडाच्या पूर्ण लाल झालेल्या मिरच्या निवडून सावलीत वाळवाव्यात. संकरित जातीचे बी मात्र धरू नये; पुढील पिढीत तिचे गुण टिकत नाहीत.

कुंडी भरताना किनाऱ्यावर एक चूक वारंवार घडते. माती भुसभुशीत व्हावी म्हणून पुळणीवरची वाळू मिसळली जाते आणि तिच्याबरोबर मीठही कुंडीत येते. वाळू नदीची घ्यावी. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू हे मिश्रण चांगले. नारळाच्या सोडणाचा भुसा घालावयाचा झाल्यास तो गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा भिजवून पिळून घ्यावा. मासळीची घाण ताजी असताना झाडाच्या बुंध्याशी पुरू नये. ती खताच्या खड्ड्यात पूर्ण कुजल्यावरच वापरावी. खारवलेल्या मासळीचे पाणी तर झाडाजवळ मुळीच ओतू नये. पानांच्या कडा करपू लागल्या व कुंडीच्या काठावर पांढरी खार दिसू लागली, की विहिरीचे पाणी थांबवून साठवलेले गोडे पाणी द्यावे. तेही कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतके द्यावे, म्हणजे साचलेले मीठ धुऊन निघते.

झाड एकाएकी कोमेजल्यास ते तहानलेले आहे असे समजून पाणी ओतण्यापूर्वी कारण पाहावे. पाने हिरवीच असताना संपूर्ण झाड माना टाकत असेल, तर बुंध्याचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात तिरपा धरावा. कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरू लागला, तर तो जिवाणूजन्य मर रोग होय. त्यावर औषध नाही. झाड मातीसकट उपटून नष्ट करावे व त्या जागी पुढील दोन-तीन वर्षे मिरची, वांगी, टोमॅटो यांपैकी काहीही लावू नये, कारण हा रोग या सर्वांस सारखाच होतो. धागा न दिसता मुळे तपकिरी व कुजकी आढळली, तर दोष साचलेल्या पाण्याचा आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा शेतकऱ्यांस प्रत्यक्ष करून दाखवावी. तीस पेला व चाकू यांखेरीज काहीही लागत नाही.

पाने आखडण्याच्या रोगास शेतकरी चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. या एका नावाखाली अनेक रोग वावरतात. पानांच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आल्यास फुलकिडे असण्याचा संभव अधिक, आणि कडा खाली वळून देठ लांबल्यास कोळी. पहिल्यावर निंबोळीचा पाच टक्के अर्क फवारावा. त्याकरिता ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून गाळावी. कोळ्यावर निंबोळीपेक्षा पाण्यात मिसळणारे गंधक अधिक गुणकारी. ते भर उन्हात फवारू नये. झाड खुजे राहून पाने लहान, पिवळसर व गुच्छासारखी झाली, तर पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू समजावा. असे झाड ठेवण्याचा मोह टाळून उपटावे.

आता पावसाळ्यातील मिरचीविषयी. मिरची हे एका हंगामाचे झाड आहे ही समजूत बरोबर नाही. निगा राखल्यास ते दोन-तीन वर्षे टिकते. मेच्या अखेरीस कुंडीतील दोन-तीन निरोगी झाडे निम्म्यापर्यंत छाटावीत व पडवीच्या पूर्वेकडील कडेस हलवावीत. तेथे सकाळचे ऊन मिळते. पागोळ्यांची धार मात्र कुंडीत पडता कामा नये. कुंडी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहते. माती वरून सुकल्याखेरीज पाणी देऊ नये. नवी फूट आल्यावर दर तीन आठवड्यांनी मूठभर शेणखत पुरे होते. जोराच्या पावसाळी हवेत काही फुले गळतील, त्याची चिंता करू नये. मिरच्या देठासकट, हिरव्या असतानाच वरचेवर तोडाव्यात. झाडावर पिकू दिल्या असता नवी फुले कमी येतात. सप्टेंबरमध्ये या झाडांच्या कुंडीतील वरची चार बोटे माती काढून तेथे नवी माती व खत भरावे.